स्त्रीबीजदान : इंग्लंडमधला माझा अनुभव

इंग्लंडमध्ये स्त्रीबीज देणाऱ्या बायका आहेत, पण त्यांत भारतीय वंशाच्या फार थोड्या. आपल्यासारखं दिसणारं मूल व्हावं असं वाटणाऱ्या देशी जोडप्यांना त्यामुळे इथे ताटकळत बसावं लागतं. ज्यांचं वय थांबू देत नाही त्यांतले काही जण सरळ भारतात जाऊन उपचार घेतात.

हे मला कळलं ते एका मैत्रिणीमुळे. ओळख मराठी मंडळातली, मग घरोबा झालेला. तिची पाळी पस्तिशीच्या आतच बंद व्हायला आली आणि डॉक्टरांनी स्वतःच्या बीजाची आशा सोडा म्हणून सांगितलं. तेव्हा मी बत्तीस वर्षांची, पदरात एक मुलगी, तब्येत ठणठणीत. मी तिला म्हटलं, माझं घे. ओळखीतल्या बाईने बीज द्यायला इथे कायद्याची आडकाठी नाही. तिने दोन दिवस घेतले आणि मग फोनवर म्हणाली, "नको गं. दर गणपतीत तुझ्याकडे आरतीला यायचं आणि तू माझ्या पोराच्या तोंडाकडे बघणार. तू नाही बघितलंस तरी मला वाटत राहणार की बघतेयस."

तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण डोक्यात शिरलेला विचार काही निघेना. तिला नको, तर तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाला तरी. ती ज्या क्लिनिकच्या यादीत होती ते मुद्दाम टाळून मी लंडनमधल्या वेगळ्याच क्लिनिकला अर्ज केला. मी कुठे गेले हे तिला आजही सांगितलेलं नाही, आणि तिनेही विचारलेलं नाही. दोघींनाही मनातल्या मनात हिशेब करत बसायचं नाहीये.

नवऱ्याची पहिली शंका व्यवहारी होती : आपल्याला अजून एक मूल हवं झालं तर? तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दर महिन्याला बीजांडकोशात बऱ्याच फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पाण्याच्या बारीक पिशव्या, एकदम वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते, बाकीच्या सुकून जातात. इंजेक्शनं काय करतात, तर त्या सुकणाऱ्यांनाही खतपाणी घालून वाढवतात. म्हणजे निघतात ती त्या महिन्यात वाया जाणारीच बीजं, पुढच्या वर्षांचा साठा त्याने आटत नाही. नवऱ्याचं समाधान झालं. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, बीजांडकोश फाजील चेतवले गेल्याने पोटात पाणी साठणं, हे धोके मात्र आहेत, आणि तेही त्याच कागदावर लिहून दिले.

मग तपासण्या. बीजांचा साठा किती आहे त्याचा अंदाज देणारी एएमएच नावाची रक्ततपासणी, आतून केलेला स्कॅन, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, गुणसूत्रं. आपल्याकडच्या लोकांत थॅलेसेमियाचे वाहक बऱ्यापैकी असतात म्हणून तीही तपासणी. यातलं काहीच अवघड नाही, फक्त रिपोर्ट यायला आठवडे लागतात आणि तोवर माणूस आपल्याच रक्तावर संशय घेत बसतो.

खरी करमणूक झाली ती घराण्याच्या आजारांचा फॉर्म भरताना. प्रत्येक नातेवाईक, गेला असेल तर कितव्या वर्षी आणि कशाने. मी आईला फोन लावला.

"आबा कशाने गेले गं?"

"छातीत कळ आली आणि गेले. बाजारचा दिवस होता."

"वय किती होतं?"

"कोण मोजतंय? मामाच्या लग्नाआधी दोन वर्षं."

पणजी काविळीने, एक चुलत आजोबा "बाहेरचं काहीतरी होऊन", उरलेले सगळे म्हातारपणाने. नर्सला यातलं काय सांगू? मधुमेह किती जणांना आहे असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, नसलेले मोजू या, लवकर आटपेल. ती हसली, पण लिहून घेतलं. मधुमेहावरून काही अडलं नाही. आबांच्या छातीतल्या कळेवरून मात्र डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा खोदून विचारलं, आणि शेवटी मामाने तहसीलमधून मृत्यूचा दाखला काढून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा कुठे ती ओळ पूर्ण झाली. चोपन्न वर्षं. घरात कुणालाच माहीत नव्हतं की आबा इतके तरुण गेले.

इथला कायदा थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १ एप्रिल २००५ पासून ब्रिटनमध्ये स्त्रीबीज किंवा शुक्राणू देणारा कायमचा निनावी राहत नाही. मूल जन्माला घालते तीच कायद्याने आई. देणारीला ना हक्क, ना जबाबदारी, ना खर्चाचा बोजा. पण ते मूल अठरा वर्षांचं झालं की एचएफईए या नियामक संस्थेकडे अर्ज करून देणारीचं नाव, जन्मतारीख आणि शेवटचा ठाऊक असलेला पत्ता मागू शकतं. मला उलट दिशेने एवढंच विचारता येतं : माझ्या बीजांपासून किती मुलं झाली, मुलगे की मुली, आणि कोणत्या वर्षी. नाव नाही, गाव नाही. एका दात्रीची बीजं जास्तीत जास्त दहा कुटुंबांना देता येतात. त्याहून कमी हवी असतील तर फॉर्मवर तसं लिहिता येतं. मी तीन लिहिलं. का तीन, याला माझ्याकडे उत्तर नाही. दहा घरांत आपली पोरं असणं मला झेपणारं नव्हतं, एवढंच. आणि गर्भ कुणाच्या पोटात सोडेपर्यंत कधीही मत बदलायची मुभा असते. ती मुभा आहे म्हटल्यावरच मी सही करू शकले.

हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ऑगस्ट २०२४ चालू होता आणि मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल नुकताच पेपरात आला होता. एका बाईला सरोगसीतून जुळ्या मुली झालेल्या. बीज तिच्या सख्ख्या बहिणीने दिलेलं. पुढे नवरा-बायकोचं बिनसलं आणि नवरा कोर्टात म्हणाला, बीज मेहुणीचं, तेव्हा मुलींची जन्मदात्री ती, बायकोचा काय संबंध? कोर्टाने ते धुडकावलं. बीज दिल्याने पालकत्वाचा हक्क मिळत नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि आईला मुलींना भेटायची परवानगी दिली. आईने ती बातमी कापून ठेवली होती. माझ्या बाजूने की विरुद्ध, ते तिचं तिलाही ठरवता आलं नसावं.

"कायद्याचं सोड," ती म्हणाली. "उद्या ते पोर आणि आपली चिमी एकाच कॉलेजात गेली आणि जमलं त्यांचं, तर?"

त्याचीही सोय आहे. असं जन्मलेल्या मुलाला सोळाव्या वर्षापासून विचारता येतं, की ज्याच्याशी लग्न करायचंय किंवा संबंध ठेवायचाय, त्याच्याशी आपलं रक्ताचं नातं लागतं का.

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे गोत्र बघायची सोय आहे म्हण की." त्यानंतर तिने विरोध केला नाही. सासूबाईंना आम्ही सगळं उरकल्यावर सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि विषय बदलला. आजही त्यांच्याशी यावर बोलणं झालेलं नाही.

क्लिनिकची समुपदेशक साठीची बाई होती, बोलणं मोजकं. अठराव्या वाढदिवसाला कुणी दारात उभं राहिलं तर काय कराल? मी म्हटलं, आधी चहा टाकेन. ती म्हणाली, आणि कधीच कुणी आलं नाही तर? याचा मी विचारच केला नव्हता. येणार हे मी धरून चालले होते, जणू काही मूल माझ्याकडेच यायला निघणार आहे. त्याचं आयुष्य त्याच्या घरी भरलेलं असेल आणि माझी आठवणही होणार नाही, ही शक्यता जास्त. ती मान्य करायला मला इंजेक्शनांपेक्षा जास्त वेळ लागला.

आणि मग ते पत्र. देणारीने स्वतःविषयी थोडं लिहायचं, आणि होणाऱ्या मुलासाठी शुभेच्छांचा मजकूर. सक्ती नसते, पण क्लिनिक आग्रह धरतं. माझा पहिला खर्डा नोकरीच्या अर्जासारखा झाला : शिक्षण, उंची, वाचनाची आवड, पोहणे. वाचून मलाच जांभई आली. अठरा वर्षांच्या माणसाला यातलं काय कामाचं? मग मी मला स्वतःविषयी कुणी लहानपणी सांगायला हवं होतं ते लिहिलं. केस तिशीत पांढरे होऊ लागतात, घाबरू नकोस, आमच्याकडे सगळ्यांचे होतात. खालचे दात एकावर एक येतात. गाणं येत नाही पण ऐकल्यावाचून राहवत नाही. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय जेवण पुरं झाल्यासारखं वाटत नाही. हे रक्तातून जातं की नाही माहीत नाही, पण खाऊन बघ. माझी आजी बार्शीच्या शाळेत गणित शिकवायची आणि बोटं न मोडता पावकी-दिडकी म्हणायची.

क्लिनिकने आजीची ओळ परत पाठवली. गावाचं नाव, शाळा आणि विषय एकत्र आला की माणूस ओळखता येतो, आणि अठराच्या आत ओळख पटेल असं काही त्यात राहायला नको. बरोबरच होतं. मराठी जग केवढंसं, बार्शीची गणिताची बाई म्हटलं की कुणीतरी माझं आडनाव सांगेलच. "आजी हिशेबाला पक्की होती" एवढ्यावर भागवलं. शेवटच्या चार ओळी मी मराठीत लिहिल्या. त्याही आधी तपासायच्या म्हणून खाली इंग्रजीत अर्थ लिहून दिला. तो अर्थ फारच कोरडा झाला, पण त्याला इलाज नव्हता. जात फॉर्ममध्ये कुठे विचारली नव्हती आणि मी लिहिली नाही. पुण्यात माझी आतेबहीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिच्याकडे येणारी जोडपी उंची आणि रंगाच्या आधी तेच विचारतात म्हणे.

इंजेक्शनं तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सुरू झाली. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. रोज संध्याकाळी बेंबीपासून दोन बोटं सोडून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. पेनचं चाक फिरवून आकडा लावायचा, सुई टोचायची, बटण दाबून मनात दहा मोजायचे. सुई केसासारखी बारीक असते, दुखत जवळजवळ नाहीच. काही दिवसांनी दुसरं इंजेक्शन जोडीला येतं, बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून. ते मात्र चावतं : पावडर पाण्यात विरघळवून घ्यायची, आणि टोचल्या जागी लाल चकंदळ उठून तासभर खाजतं. वापरलेल्या सुया टाकायला पिवळा डबा देतात. तो मी कुकरच्या मागे फडताळात ठेवला. चिमीला सांगितलं, हे आईचं औषध आहे. ती म्हणाली, मग तू आजारी दिसत का नाहीस?

दर दोन-तीन दिवसांनी पहाटेची गाडी पकडून लंडन, आतून स्कॅन, रक्त, आणि परत येऊन कामावर. स्कॅन करणारी नर्स पडद्यावर रेघ ओढून मिलिमीटर म्हणते आणि दुसरी लिहून घेते : अकरा, अकरा, तेरा, नऊ. बहुतेक फॉलिकल सतरा-अठराच्या पुढे गेल्या की तयार. शेवटी शेवटी ओटीपोट इतकं जड झालं की जिना उतरताना हात लावावासा वाटे. धावणं, उड्या, जड उचलणं बंद, कारण सुजलेला बीजांडकोश स्वतःभोवती पिळला जाऊ शकतो. थंडी होती ते बरं, कोटाखाली सगळं झाकलं गेलं. शरीरसंबंधही बंद. हे नर्सने नवऱ्यासमोर जितक्या सहज सांगितलं तितक्या सहज आम्हाला ऐकता आलं नाही.

शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं. त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीजं काढतात. आधी काढली तर कच्ची, उशीर झाला तर ती सुटून गेलेली. दात्रीच्या पोटात गर्भ सोडायचा नसतो, म्हणून तिला या टप्प्यावर वेगळ्या प्रकारचं औषध देता येतं आणि पोटात पाणी साठण्याचा धोका त्याने बराच कमी होतो.

प्रत्यक्ष बीजं काढणं मला जवळजवळ आठवतच नाही. उपाशीपोटी गेले, मागून उघडा झगा, हातात सुई, प्रयोगशाळेतल्या मुलीने येऊन नाव आणि जन्मतारीख विचारली, आणि मग थेट टोस्टचा वास. मधल्या वीसेक मिनिटांत योनीमार्गातून स्कॅनच्या आधाराने सुई नेऊन एकेक फॉलिकल रिकामी केलेली. नर्सने आकडा सांगितला : अकरा. मला उगाच पास झाल्यासारखं वाटलं.

आतेबहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे सातच्या वर काढताच येत नाहीत." भारतात २०२१ च्या कायद्याने स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वयाची असावी लागते, आयुष्यात एकदाच देता येतं, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिचा वर्षभराचा विमा जोडप्याने उतरवायचा. विक्रीला बंदी आहे. कागदावर दात्रीची काळजी आमच्यापेक्षा जास्तच घेतलीय. पण आतेबहिणीकडे आजवर येत आलेल्या बायका शाळेची फी थकलेल्या, कर्ज अंगावर असलेल्या, कुणाच्या तरी ओळखीने आलेल्या. त्यांचं नाव होणाऱ्या मुलाला कधीच कळणार नाही. अनेकींना तेच हवं असणार, चाळीत कळलं तर जगणं मुश्कील होईल. तरीही मला वाटतं, या निनावीपणाचा खरा आधार जोडप्याला आणि दवाखान्याला. मला पत्र लिहायला सांगितलं, समुपदेशकासमोर बसवलं, मत बदलायची मुभा दिली, कारण अठरा वर्षांनी कुणीतरी माझ्यापर्यंत पोचू शकतं. त्या बाईपर्यंत कुणी पोचणारच नसेल, तर तिला हे सगळं विचारायची कुणाला गरज पडेल?

घरी आल्यावरचे दिवस मात्र कुणी नीट सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगलं, पायजम्याची नाडी बांधवेना, आडवं झालं की श्वास अपुरा वाटे. शनिवार होता. क्लिनिकने दिलेल्या तातडीच्या नंबरवर कुणी उचलेना, मग उचललं तर पलीकडच्या मुलीला माझी फाईल दिसत नव्हती. "सोमवारी फोन करा." शेवटी १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरवर, फोन केला. तिथल्या बाईने लघवी होतेय का, वजन किती वाढलं, उलट्या आहेत का, हे व्यवस्थित विचारलं आणि कशावर नजर ठेवायची ते सांगितलं. नवऱ्याने वजनकाटा पलंगाशेजारी आणून ठेवला. पाणी, ताक, अंडी, इसबगोल. सोमवारी स्कॅनमध्ये थोडं पाणी दिसलं, सौम्य प्रकार, आपोआप जाईल म्हणाले, आणि पुढची पाळी येऊन गेल्यावर गेलं. पण ते दोन दिवस मी क्लिनिकला विसरणार नाही. बीजं हातात पडेपर्यंत माझा फोन दुसऱ्या रिंगला उचलला जायचा.

पैशांविषयी सगळेच विचारतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे एका वेळच्या स्त्रीबीजदानासाठी जास्तीत जास्त ९८६ पौंड भरपाई मिळते, त्याआधी ७५० होती. ही किंमत नव्हे, वेळ आणि खर्चापोटी आहे. माझ्या गाडीभाड्यात आणि बिनपगारी रजेत त्यातले बरेच गेले, उरलेल्यातून वॉशिंग मशीन बदललं. पैशांसाठी हे करू नका, परवडत नाही.

विचार करत असाल तर क्लिनिकला भेटीआधी दोन गोष्टी लेखी विचारा : बीजं काढल्यानंतर शनिवार-रविवारी फोन कोण उचलतं, आणि त्याला तुमची फाईल दिसते का. घरातल्या म्हाताऱ्यांचे मृत्यूचे दाखले आधीच गोळा करा. पत्र सवडीने लिहा, इंजेक्शनं चालू असताना नको, तेव्हा कशावरूनही रडू येतं. आणि नंतर घर बदललंत तर जीपी (इथला फॅमिली डॉक्टर), बँक, कौन्सिल यांच्याबरोबर एचएफईएलाही नवा पत्ता कळवा. आम्ही येत्या उन्हाळ्यात घर बदलतोय, आणि कुणाकुणाला कळवायचं त्या यादीत मी तो अर्ज गॅसवाल्यांच्याही वर लिहून ठेवलाय.